आरशावरच्या गाठी

वरातीच्या बसच्या आरशाला टॉवेल बांधायचा नाही, असं विदोसावानं, म्हणजे बसची ड्रायव्हर विदा हिनं, वरमायला तोंडावर सांगितलं, तेव्हा अंगणातल्या निम्म्या लोकांना ती थट्टा वाटली. उरलेल्यांना वाटलं, हिला सकाळीच चढलेली दिसते. तसं वाटणं साहजिकही होतं, कारण घरी गाळलेली रकिया पहाटेपासून पाहुण्यांच्या हातातून फिरत होती. पण विदा आदल्या दिवसापासून थेंबाला शिवली नव्हती. पन्नाशीकडे झुकलेली, उंचीनं बेताची, इस्त्रीचा निळा शर्ट घातलेली ती बाई बसच्या पायरीवर उभी होती. तिच्या कपाळावर जी आठी पडली होती ती पाहून तिच्या रोजच्या प्रवाशांनी तरी ओळखायला हवं होतं की बाई थट्टेत नाही.

वरमाय म्हणजे झ्लातिया. ती बिअरच्या पालथ्या क्रेटवर चढून उजव्या आरशाशी झटत होती.

द्रेनोवा गावात लग्न म्हटलं की टॉवेल आलेच. हातमागावर विणलेले, पांढरेशुभ्र, दोन्ही टोकांना लाल दोऱ्यानं कोंबडे आणि फुलं भरलेले. वरातीतल्या प्रत्येक गाडीच्या दोन्ही आरशांना ते लटकलेच पाहिजेत. नवरदेवाची आई हौशी आहे की हात आखडता घेणारी, हे गावातल्या बायका त्या टॉवेलांच्या लांबीवरून ठरवतात, आणि एकदा ठरलं की ते बिचारीच्या नावाला जन्मभर चिकटतं. झ्लातियाला एकुलता एक मुलगा. दाम्यान रांगत होता तेव्हापासून ती भरतकाम घेऊन बसलेली. बससाठी तिनं सगळ्यांत लांब जोडी राखून ठेवली होती, कारण बस सगळ्यांत मोठी आणि शिवाय घरची. नवरदेवाचा बाप ल्युबिसाव हाच बसचा मालक.

"वहिनी, दाराच्या दांडीला बांधा," विदा म्हणाली. "पुढच्या जाळीला बांधा. अगदीच हौस असेल तर माझ्या गळ्यात बांधा. आरसा तेवढा सोडा."

"तुझ्या गळ्यात कशाला बांधू? तू नवरी आहेस का?" झ्लातियानं गाठ मारली आणि क्रेटवरून खाली उतरून आपल्याच कामाकडे कौतुकानं पाहिलं. टॉवेल आरशाच्या दांडीवरून थेट खाली लोंबत होता. काच पार झाकून गेली होती आणि वाऱ्यानं लाल कोंबडे नाचत होते. दिसायला सुंदर होतं, यात वाद नाही.

विदा खाली आली, क्रेटवर चढली आणि तिनं गाठ सोडली. टॉवेलाची नीट घडी घातली आणि तो वरमायच्या हातात दिला.

अंगण एकदम गप्प झालं. कोपऱ्यात तुतारीवाले सूर लावत होते, त्यांनीही तोंडातून तुताऱ्या काढल्या. लग्नाच्या दिवशी, वरमायनं बांधलेला टॉवेल, तिच्याच अंगणात, पगारी ड्रायव्हरनं सोडला! द्रेनोवात असं कुणी पाहिलं नव्हतं.

हे मौन मोडणं ज्याचं काम होतं तो ओब्राद पुढे आला. तो वरातीचा चाउश, म्हणजे लग्नापुरता नेमलेला विदूषक. टोपीला पिसं, गळ्यात लाल मिरच्यांची माळ, आणि जिभेला हाड नाही. "विदाबाई," तो म्हणाला, "वरात कधी मागे वळून बघत नसते, ठाऊक नाही का? नवरीनं मागे बघितलं तर संसार टिकत नाही!"

"नवरीनं बघू नये," विदा म्हणाली. "मला बघावंच लागतं. मी नाही बघितलं तर आजच्या जेवणानंतर तुम्हाला थेट मेलेल्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण घालावं लागेल. त्या जेवणाला चाउश लागत नाही."

दोन-चार बायकांनी छातीवर क्रॉसची खूण केली. एक म्हातारा खदाखदा हसला आणि लगेच बायकोनं कोपर मारल्यावर गप्प बसला.

आता विदा काय सांगत होती ते नीट समजून घ्यायला हवं, कारण त्या अंगणात कुणी ते समजून घेतलं नाही. बसच्या ड्रायव्हरची गादी उंच असते, समोर भली मोठी काच असते, म्हणून लोकांना वाटतं त्याला सगळं जग दिसतं. दिसत नाही. बसच्या चारी बाजूंना आंधळे कोपरे असतात. पुढच्या काचेच्या खाली, नाकाला लागून, उभा माणूस दिसत नाही. काचेच्या कडेच्या खांबाआड आख्खी सायकल लपते. मागे काय आहे ते तर देवालाच ठाऊक. आणि सगळ्यांत वाईट उजवी बाजू. दार तिकडे, चढणारी-उतरणारी माणसं तिकडे, आणि ड्रायव्हर बसतो डावीकडे. तिकडचं जे काही दिसायचं ते त्या एका दांडीवरच्या दोन काचांतून. मोठी काच बसच्या अंगाची, छोटी तिच्या पायाशी बघणारी. आरसे कितीही नीट लावले, गादीवर पुढे-मागे झुकून खांबाआड डोकावलं, तरी थोडं उरतंच. विदा म्हणायची, उरतं तेवढ्यासाठी मला पाय दिलेत. प्रत्येक वेळी निघण्याआधी ती बसभोवती चालत फिरून यायची.

त्यावरून तिची टिंगल व्हायची. तरुण पोरं म्हणायची, बाई बसची प्रदक्षिणा घालते. पण एका थंडीत ती अशीच फिरायला उतरली, तर पुढच्या बंपरवर म्हातारी स्तानिया आरामात बसलेली. बुटात गेलेला खडा काढत होती. इंजिन सुरू होतं. म्हातारीनं वर बघून उलट हिलाच झापलं, "एवढी कसली घाई झालीय गं तुला?" विदा तेव्हा हसली होती. घरी गेल्यावर मात्र तिला जेवण गेलं नाही.

आणि ही बस तिला फुकट मिळाली नव्हती. कितीतरी वर्षं ती याच बसमध्ये तिकिटं फाडत होती. लायसन काढून आणलं तरी ल्युबिसाव तिला गादीवर बसू देईना. बाईमाणसाच्या हातात बस बघून लोक पायी जातील, असं म्हणायचा. शेवटी त्याचे दोन्ही ड्रायव्हर ऑस्ट्रियात पळाले, तेव्हा नाइलाजानं त्यानं तिला किल्ली दिली. त्या खोऱ्यात दुसरी बस नव्हती. ही गेली तर तिला पुन्हा कुणी गादीवर बसवणार नव्हतं, आणि हे तिला चांगलं माहीत होतं.

ल्युबिसाव गर्दीतून वाट काढत आला. नव्या सुटात त्याची मान आवळल्यासारखी झाली होती. बायकोच्या हातातला घडी केलेला टॉवेल त्यानं बघितला.

"विदा, आजचा एक दिवस," तो दबक्या आवाजात म्हणाला. "व्याह्यांच्या गावापर्यंतचाच रस्ता. तो तर तुला पाठ आहे. डोळे मिटून जाशील."

"डोळे मिटूनच जायचं तर मी कशाला हवी, मालक? कुणीही चालेल."

"अगं, मोटारवाल्यांनी सगळ्यांनी बांधलेत."

"त्यांचं त्यांच्यापाशी. त्यांच्या गाडीतून मान वळवली की बाहेर दिसतं. इथे मान वळवली तर मागच्या बाकावरची तुमची मावशी दिसते. आणि हे अंगण बघा. माणसं नाचतायत, पडतायत, लघवीला चाकाआड जातायत. यातून मी आंधळी होऊन बस काढणार नाही."

"लोकांसमोर माझं नाक कापतेस तू!"

"नाक कापलेलं परवडतं, मालक. पाय कापला तर परत येत नाही."

हे जरा जास्तच झालं. ल्युबिसावचा चेहरा बिटासारखा झाला. गावातले, बाहेरगावचे, सगळे बघत होते. पाहुण्यांसमोर पगारी बाईनं उलट उत्तर दिलं आणि आपण ऐकून घेतलं, हे तो पुढची दहा लग्नं ऐकणार होता. त्यानं हात पुढे केला.

"बांध, नाहीतर किल्ली दे. आणि दिलीस तर ती आजच्यापुरती नाही."

खोटं कशाला सांगा, विदाला क्षणभर वाटलं की बांधू द्यावा, काय जातं आपलं. हळू चालवू, हॉर्न वाजवू. मग तिनं अंगणाकडे बघितलं. फेर धरून नाचणारी रांग तेवढ्यात बसच्या उजव्या अंगाला घासून वळली. रांगेच्या टोकाला एक गरोदर पोर हसत हसत ओढली जात होती. विदानं खिशातून किल्ली काढली आणि मालकाच्या तळहातावर ठेवली. ती चिडली होती, आणि तिला रडूही येत होतं. रडू तिनं गिळलं.

"स्रेतेन!" ल्युबिसाव ओरडला.

स्रेतेन म्हणजे झ्लातियाचा भाऊ, नवरदेवाचा मामा. सगळा जन्म मालवाहू ट्रक हाकण्यात गेलेला. डॉक्टरनं यकृताची भीती घातल्यापासून दारू सुटलेली, त्यामुळे अंगणात विदाखालोखाल शुद्धीत असलेला हाच एक माणूस. "आरसे कसले बघतेस पोरी," तो गादीवर चढता चढता विदाला म्हणाला. "मी तुर्कस्तानपर्यंत गेलोय. गाडी पाठीला कळते."

"पाठीला धक्का लागल्यावर कळते, मामा. आधी नाही."

"जा, जा, रोस्ट खा."

झ्लातिया पुन्हा क्रेटवर चढली. या वेळी तिनं एका गाठीवर दुसरी मारली, दुसरीवर तिसरी, आणि दात लावून घट्ट ओढली. "आता सोड बघू," ती विदाला म्हणाली. मग दुसऱ्या बाजूला जाऊन डावा आरसाही तसाच बांधला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तुताऱ्या दणक्यात सुरू झाल्या. वऱ्हाडी बसमध्ये चढले, उरलेले मोटारींकडे पांगले. ओब्राद मिरच्यांची माळ उडवत रस्त्यावरच्या पहिल्या गाडीकडे धावला.

किल्ली दिली म्हणजे विदा घरी जाईल असं ज्यांना वाटलं त्यांना ती कळलीच नव्हती. ती बसच्या पुढून गेली, उजव्या कोपऱ्याशी थांबली, आणि बंपरवर तळहात टेकवून उभी राहिली. तिच्यामागे वीसेक पावलांवर फाटकाचा दगडी खांब होता. तिनं वर बघितलं. काच उंच होती, काचेमागे फुलांची परडी, संताची तसबीर आणि फुटबॉल क्लबचा झेंडा. त्यापलीकडे स्रेतेनच्या कपाळाचा केसही दिसत नव्हता. म्हणजे त्यालाही ती दिसत नव्हती. उजवीकडच्या दोन्ही काचा लाल कोंबड्यांनी झाकलेल्या. या बसवर याहून आंधळी जागा नव्हती.

दरवाजा फुसकन बंद झाला आणि इंजिन गुरगुरलं.

डाव्या खिडकीखाली ल्युबिसाव उभा होता. स्रेतेननं मान बाहेर काढून विचारलं, "मोकळं आहे का?"

ल्युबिसावनं डावीकडे बघितलं, मागे बघितलं. त्याच्या बाजूला सगळं मोकळंच होतं. "चल!" तो म्हणाला.

उजव्या बाजूला मात्र सगळ्यांना विदा दिसत होती. पहिल्यांदा कुणीतरी हसलं, मग कुणीतरी म्हणालं, अगं ही तिथे काय करतेय. मग बस एक वीतभर पुढे सरकली आणि लोक ओरडायला लागले. "थांब! थांब रे!" पण लग्नाच्या अंगणात ओरडण्याला काय अर्थ असतो? सगळे सकाळपासून ओरडतच होते. स्रेतेनला वाटलं, बस निघाली म्हणून लोक खूश झालेत. त्यानंही खुशीत हॉर्न दाबला. लोक जितके जास्त ओरडले तितका तो जास्त हॉर्न वाजवत राहिला, आणि तुतारीवाल्यांना वाटलं आपल्याला साथ मिळतेय.

विदा हलली नाही, असं म्हणणं बरोबर नाही. बंपर तळहाताला ढकलत होता तसं ती एक पाऊल मागे जात होती, पण कोपरा सोडत नव्हती. बाजूला उडी मारायला तिला जागा होती. तिनं ती मारली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण जबडा असा आवळलेला की झ्लातियाला दुरूनही तो दिसला.

झ्लातिया दाराशी धावली. दोन्ही मुठींनी तिनं दारावर ठोकलं. दाराच्या काचेला आतून फुलांच्या माळा, आणि आत गाणं इतकं रंगलेलं की मुठींचा आवाज ठेक्यात मिसळून गेला. ती दोन पावलं मागे सरली आणि आरशाकडे तोंड करून दोन्ही हात हलवायला लागली. "स्रेते! अरे स्रेते! मी आहे इथे, बघ ना!" भाऊ तिला कसा बघणार? तिच्या आणि त्याच्या मध्ये तिचाच टॉवेल लटकत होता. तिनं ते पाहिलं. तिचे हात हवेतच थांबले. आपण कुठे उभ्या आहोत ते तिला तेव्हा कळलं.

तिनं क्रेट ओढला, चालत्या बसच्या बाजूनं फरफटत नेला, चढली, आणि गाठीला हात घातला. गाठ हलेना. तीन गाठी, दात लावून ओढलेल्या. नखं तुटली. क्रेट मागे राहिला, ती खाली कोसळता कोसळता वाचली. शेजारच्या मेजावर भाजलेलं डुक्कर कापायला ठेवलं होतं. झ्लातियानं त्यातला सुरा उपसला, क्रेट पुन्हा पुढे फेकला, त्यावर उडी घेतली आणि वर्षानुवर्षांच्या भरतकामावरून सुरा एका झटक्यात ओढला. कोंबडे चिखलात पडले.

स्रेतेनला एकाएकी उजवा आरसा दिसला. आरशात त्याची सख्खी बहीण, रेशमी झगा, केसात फुलं, हातात चरबीनं माखलेला सुरा. त्यानं ब्रेकवर असा पाय दिला की बसमधलं गाणं अर्ध्यातच तुटलं आणि मावश्या एकमेकींच्या अंगावर गेल्या.

विदाच्या पाठीला फाटकाचा खांब लागला होता. बंपर आणि तिच्या पोटाच्या मध्ये तिचा हात होता, कोपरात दुमडलेला.

स्रेतेन खाली उतरला. तो बसच्या पुढून वळला, विदाला त्यानं बघितलं, आणि तिथेच जमिनीवर बसला. "माझ्या आईशप्पथ," तो सारखा म्हणत राहिला, "समोर कुणी नव्हतं. माझ्या आईशप्पथ, कुणी नव्हतं."

ल्युबिसाव धावत आला. काय झालं ते दिसल्यावर त्याचा राग भीतीच्या पोटातून बाहेर आला आणि दुप्पट होऊन आला. "वेडी आहेस का तू? मेली असतीस! माझ्या दारात, माझ्या मुलाच्या लग्नात!"

"सगळ्या गावाला दिसत होते मी," विदा म्हणाली. "एकट्या मामांनाच दिसत नव्हते. आणि चाक त्या एकट्याच्या हातात होतं. आता सांगा मालक, मी नसते, ती मघाची पोटुशी पोर असती तर? तिनं तर आरडाओरडाही केला नसता. तिला कळलंच नसतं."

तुतारीवाल्यांपैकी एकजण अजून वाजवत होता. त्याला शेजाऱ्यानं गप्प केलं.

झ्लातिया क्रेटवरून उतरली. चिखलातल्या टॉवेलाकडे तिनं बघितलंही नाही. सुरा हातात तसाच धरून ती बसला वळसा घालून डाव्या आरशाकडे निघाली.

"अगं, काय करतेस?" ल्युबिसाव तिच्यामागे गेला. "लोक काय म्हणतील? उघड्या आरशांची वरात! व्याही काय म्हणतील?"

"म्हणू देत," झ्लातिया म्हणाली. "माझ्या भावाच्या हातून आज माणूस मेला असता तर तेच लोक काय म्हणाले असते, ते सांग आधी." आणि तिनं दुसराही टॉवेल कापला. मग ती फाटकाबाहेर पडली, रस्त्यावर उभ्या मोटारींच्या रांगेकडे. तिला तसं येताना बघून मोटारवाल्यांनी भराभर आपापले टॉवेल सोडायला घेतले. पहिल्या गाडीपाशी ओब्राद काहीतरी चावट बोलायला तोंड उघडत होता. सुऱ्याकडे नजर जाताच त्यानं ते मिटलं.

स्रेतेननं जमिनीवरूनच किल्ली वर धरली. विदा बंपर आणि खांबामधून बाजूला सरकली आणि तिनं ती घेतली. मालकाला विचारलं नाही. तिनं हात झटकले, शर्ट ठीक केला, गादीवर चढली, आणि तसबीर सोडून बाकीचं सगळं, फुलांची परडी, झेंडा, माळा, काढून मागच्या मावशीच्या मांडीवर ठेवलं. मावशीनं ते मुकाट्यानं धरलं. मग विदानं दार उघडं ठेवून दोन्ही आरसे हातानं वाकवत नीट लावून घेतले आणि इंजिन सुरू केलं.

ल्युबिसाव उजव्या बाजूला, बसच्या मागच्या कोपऱ्याआड जाऊन उभा राहिला होता. काहीतरी बोलल्याशिवाय त्याला राहवेना. "आजचा दिवस जाऊ दे," तो तिथून गरजला. "उद्या बघतो तुझ्याकडे! माझी बस आहे ही!"

"असेल, मालक," विदा दारातून म्हणाली. "पण खांबापासून ती आधी मागे घ्यायचीय, आणि तिथे तुम्ही मला दिसत नाही. चार पावलं पुढे या."

"मी इथेच उभा राहीन. माझं अंगण आहे."

"मग आपण सगळे इथेच उभे राहू." तिनं इंजिन बंद केलं.

बसमध्ये कुणीतरी खोकलं. तिकडे दुसऱ्या गावात नवरी तयार होऊन बसली होती, इकडे वऱ्हाड खिडक्यांतून माना काढून मालकाकडे बघत होतं. फाटकातून झ्लातिया परत आली. तिनं नवऱ्याकडे बघितलं.

ल्युबिसावनं मानेवरची कॉलर सैल केली. मग साऱ्या गावासमोर तो चार पावलं पुढे आला. उजव्या आरशात तो बुटांपासून टोपीपर्यंत अख्खा दिसला, तेव्हा विदानं इंजिन सुरू केलं.